ई अँड ओ विमा काढायचाय? आधी फाइल काढा

सिनेमा विकला जातो त्या दिवशी पेढे वाटले जातात, आणि चार दिवसांनी डिलिव्हरीची यादी येते. डीसीपी (थिएटरात लावायची डिजिटल प्रत), सबटायटल्स, पोस्टरच्या फाइली, संवाद वगळून दिलेला एम अँड ई ट्रॅक, इथवर सगळं ओळखीचं असतं. मग मधेच एक ओळ दिसते: ई अँड ओ विम्याचं प्रमाणपत्र, मुदत तीन वर्षं, दर दाव्याला १० लाख डॉलर, एकूण ३० लाख डॉलर, वितरकाचं नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून. निर्माता म्हणतो, "आपला विमा होता की शूटिंगच्या वेळी!" होता, पण तो वेगळा.

मी गेली काही वर्षं छोट्या सिनेमांच्या डिलिव्हरीची कागदपत्रं लावून देण्याचं काम करतो. पहिलाच सिनेमा परदेशी वितरकाला किंवा ओटीटीला देणाऱ्यांसाठी हा लेख आहे. वकिलाची जागा तो घेणार नाही, पण वकिलाकडे जाताना हात रिकामे राहणार नाहीत.

हा विमा नेमका कशाचा

कॅमेरा पडला, पावसानं सेट वाहून गेला, मुख्य नट आजारी पडला, हे सगळं शूटिंगच्या विम्यात येतं. ई अँड ओ म्हणजे 'एरर्स अँड ओमिशन्स', म्हणजे आपल्या हातून झालेल्या चुका आणि करायच्या राहून गेलेल्या गोष्टी. इथे नुकसान वस्तूचं नसतं, कुणाच्या तरी हक्काचं असतं. ही कथा माझी आहे, हे चित्र माझं आहे, ही धून माझी आहे, हा खलनायक म्हणजे मीच आणि त्यानं माझी बदनामी झाली, माझं खासगी आयुष्य पडद्यावर आणलं, सिनेमाचं नाव माझं उचललं. असा दावा आला तर वकिलाचा खर्च आणि ठरली तर भरपाई विमा कंपनी देते, पॉलिसीच्या अटींत बसत असेल तर.

रिवाज मुळात अमेरिकेतला. फक्त महाराष्ट्रातल्या थिएटरांत सिनेमा लावणार असाल तर बहुधा कुणी विचारणारही नाही. प्रश्न येतो तो अमेरिकी किंवा युरोपीय वितरक, टीव्ही वाहिनी किंवा मोठा ओटीटी दारात आला की. तुमच्या सिनेमावर दावा लागला तर त्यात त्यांनाही ओढतात, म्हणून त्यांना तुमच्या पॉलिसीत आपलं नाव हवं असतं.

दोन गैरसमज आधीच काढून टाकू. सेन्सॉरचं प्रमाणपत्र हक्कांबद्दल काहीच सांगत नाही. बोर्ड दृश्यं आणि संवाद पाहतं, तुमच्या लेखकानं सही केलीय का ते पाहत नाही. आणि सुरुवातीची 'यातील सर्व पात्रे काल्पनिक आहेत' ही पाटी म्हणजे चिलखत नव्हे. त्या पाटीचा जन्मच एका हरलेल्या खटल्यातून झाला. हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीनं १९३२ साली रासपुतिनवर, म्हणजे रशियाच्या झारच्या दरबारातल्या त्या गाजलेल्या साधूवर, सिनेमा काढला. त्यातली एक राजकन्या म्हणजे आपणच, असं सांगत रशियाच्या राजघराण्यातल्या इरिना युसुपोव्ह यांनी लंडनमध्ये दावा लावला आणि १९३४ साली त्यांना २५ हजार पौंड मिळाले. सिनेमाच्या सुरुवातीला कंपनीनं स्वतःच लिहून ठेवलं होतं की यातली काही पात्रं अजून हयात आहेत! तेव्हापासून पाटी लावायची पद्धत पडली. पाटी लावावी, पण माणूस ओळखू येत असेल तर ती फारशी कामी येत नाही.

पहिलं काम: हक्कांची साखळी

विमा कंपनी आणि वितरक दोघेही सर्वांत आधी 'चेन ऑफ टायटल' मागतात. मूळ कथा कुणाची, ती पटकथाकाराकडे कशी आली, पटकथा निर्मात्याकडे कशी आली, आणि सिनेमा ज्या कंपनीच्या नावावर विकला जातोय तिच्याकडे कशी आली, याची सहीनिशी कागदांची साखळी. एक कडी तुटली की पुढचं सगळं लोंबकळतं.

मराठी सिनेमात कडी तुटते ती बहुतेक वेळा मैत्रीत. लेखक मित्र असतो, पैसे गुगल पे झालेले असतात, करार "नंतर करू" म्हणून राहिलेला असतो. पण आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सही केलेलं असल्याशिवाय वैधच नाही. आणि कागद झालेला असला तरी तो आज पुन्हा वाचा, कारण त्याच कलमात तीन सापळे आहेत. करारात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरतेच मिळाले असं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरते. आणि घेतलेले हक्क एका वर्षात वापरले नाहीत तर, करारात वेगळं काही म्हटलेलं नसल्यास, ते परत जातात. आता स्वतंत्र सिनेमाचा हिशेब करा. पटकथा २०१९ ला घेतली, पैसे जमवण्यात तीन वर्षं गेली, शूटिंग २०२२ ला, विक्री २०२४ ला. दोन पानी साध्या करारावर हा सिनेमा उभा असेल तर अमेरिकी वितरकाला द्यायला तुमच्याकडे हक्कच उरलेले नसतील. उपाय फार अवघड नाही: मुदत, जगभरचा प्रदेश, सर्व माध्यमं आणि एक वर्षाची अट लागू नसल्याचं स्पष्ट लिहिलेला पुरवणी करार. लेखक खूश असताना करून घ्या. सिनेमा गाजल्यावर तोच मित्र वकिलासोबत येतो.

नेटवरून उतरवलेले अमेरिकी नमुने जसेच्या तसे वापरू नका. त्यात 'वर्क मेड फॉर हायर' असं एक कलम असतं, म्हणजे काम पहिल्या क्षणापासून निर्मात्याचंच. आपल्याकडे स्वतंत्रपणे काम करणाऱ्या पटकथाकाराला ते सरसकट लागू पडत नाही, त्यामुळे सोबत स्पष्ट हस्तांतरणाचं कलम हवंच. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनंतर लेखक, गीतकार, संगीतकार यांच्या रॉयल्टीचा काही वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येत नाही. "सगळे हक्क आणि सगळी रॉयल्टी सोडली" असं लिहिलंत तरी तेवढा भाग रद्दच समजतात.

स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये पटकथा नोंदवली असेल तर तो कागद फाइलला लावा, पण त्यानं अमुक तारखेला हे लिखाण अस्तित्वात होतं एवढंच दिसतं. मालकी सिद्ध होत नाही.

कथा जुन्या पुस्तकावरची असेल तर अजून एक गुंता. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी साहित्य मुक्त होतं. अमेरिकेचं गणित वेगळं. १९३५ साली आलेलं आणि १९५० साली निधन झालेल्या लेखकाचं मराठी पुस्तक घ्या. भारतात ते २०११ पासून मुक्त आहे. पण १९९६ च्या सुरुवातीला ते इथे संरक्षित होतं म्हणून अमेरिकेत त्याचे हक्क पुन्हा जिवंत झाले, आणि तिथे ते प्रकाशनापासून ९५ वर्षं, म्हणजे २०३० अखेरपर्यंत चालतील. पुण्यात मुक्त आणि न्यूयॉर्कात बंद. वारसांना शोधायला वेळ लागतो, म्हणून हे पटकथेच्या आधी बघायचं.

दुसरं काम: पटकथा संशयानं वाचणं

कुठे कुणाची परवानगी लागेल किंवा काय बदलावं लागेल ते शोधायचं, याला क्लिअरन्स वाचन म्हणतात. अमेरिकेत हा अहवाल करून देणाऱ्या संस्था आहेत. कमी बजेटमध्ये तुम्ही आणि एक खवचट सहायक मिळून पहिला हात फिरवू शकता, मग वकिलाला द्या. वाचताना अधोरेखित करायचं: प्रत्येक पूर्ण नाव, दुकान, शाळा, रुग्णालय, पक्ष, वर्तमानपत्र, फोन नंबर, गाडीचा नंबर, ब्रँड, पुस्तक, गाणं, कविता.

नावांचा नियम गमतीदार आहे. एकतर त्या नावाचा कुणीच नसावा किंवा पुष्कळ असावेत. किडनी चोरणारा 'डॉ. पाटील, सांगली' चालून जातो, कारण तिथे डॉ. पाटील किती असतील याची मोजदाद नाही. पण आडनाव दुर्मीळ, तालुक्यात त्या नावाचा डॉक्टर एकच आणि तोही सर्जन, तर नाव बदला. शूटिंगआधी हे पाच मिनिटांचं काम असतं. नंतर डबिंग, पाटी पुन्हा रंगवणं आणि ओठ जुळवणं. फोन नंबरासाठी अमेरिकी सिनेमात ५५५ चे राखीव आकडे वापरतात. आम्ही प्रॉडक्शनच्या नावावर एक सिम घेतो आणि पडद्यावर तोच नंबर दाखवतो. लोक खरंच फोन करून बघतात.

खऱ्या घटनेवरचा सिनेमा असेल तर काम दुप्पट. हयात माणसांकडून शक्य तिथे लेखी संमती घ्या, आणि टिपांची पटकथा करा: प्रत्येक प्रसंगासमोर तो कुठून आला ते लिहायचं. न्यायालयाचा निकाल, पोलिसांची कागदपत्रं, मुलाखतीचं रेकॉर्डिंग, की तुमची कल्पना. सर्वोच्च न्यायालयानं १९९४ च्या राजगोपाल प्रकरणात सार्वजनिक नोंदींवर आधारलेल्या लिखाणाला मोकळीक दिली आहे, म्हणून नोंद हाताशी असणं मोलाचं. कल्पनेनं भरलेले प्रसंग कुणाला गुन्हेगार किंवा व्यभिचारी ठरवत नाहीत ना, हे वकील त्या टिपांवरूनच बघतो.

तिसरं काम: सेटवर

इथे सगळ्यात जास्त गळती होते, कारण सेटवर कागदांसाठी कुणालाच वेळ नसतो. एका माणसाला, शक्यतो दिग्दर्शन विभागाबाहेरच्या, फक्त हे काम द्या. ओळखू येणाऱ्या प्रत्येक माणसाची सही. लोकेशनच्या मालकाची सही, भाडेकरूची नव्हे. लहान मूल असेल तर पालकाची. कलाकारांचे करार तर हवेतच, दिवसाच्या पैशावर आलेल्यांचेसुद्धा. गर्दीच्या जागी पाटी लावा की इथे चित्रीकरण चालू आहे, आणि त्या पाटीचाही शॉट घेऊन ठेवा.

मग भिंती बघा. अमेरिकेत फेथ रिंगगोल्ड या चित्रकर्तीच्या गोधडीचं पोस्टर एका टीव्ही मालिकेत सजावट म्हणून टांगलं होतं. पोस्टर रीतसर छापलेलं, विकत मिळणारं. एका भागात ते नऊ वेळा दिसलं, सगळे मिळून २६.७५ सेकंद, आणि १९९७ साली अपील न्यायालय म्हणालं की हे दुर्लक्ष करण्याइतकं किरकोळ नाही. पोस्टर विकत घेतलं म्हणजे ते चित्रित करायचा हक्क मिळाला असं नाही, हे कलादिग्दर्शकाला पहिल्याच दिवशी सांगा.

"पण आपल्या कायद्यात सूट आहे," असं एखादा जाणकार म्हणेल. बरोबर आहे. कलम ५२ नुसार सार्वजनिक जागी कायमचं असलेलं शिल्प किंवा चित्र सिनेमात दाखवता येतं, आणि इतर कलाकृती फक्त पार्श्वभूमीला असेल तरीही चालतं. पण अमेरिकेत रस्त्यावरून दिसणाऱ्या इमारतीला अशी सूट आहे, भित्तिचित्राला किंवा पुतळ्याला नाही. सिनेमा तिकडे दाखवणार म्हणजे दावाही तिकडे लागू शकतो. मुंबईतल्या रंगवलेल्या भिंतीसमोर नायिकेला पूर्ण गाणं नाचवायचं असेल तर चित्रकार शोधा आणि सही घ्या. टॅटूचंही तेच.

चौथं काम: संगीत

प्रत्येक गाण्यात किमान दोन हक्क असतात: शब्द-चालीचा एक, आणि त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा दुसरा. दोन्हींची परवानगी लागते. लग्नाच्या वरातीत बँडवाले जुनं गाणं वाजवत असतील तर ध्वनिमुद्रण तुमचं, पण चाल दुसऱ्याची. "सात सेकंदांपर्यंत फुकट" हा नियम कुठल्याही कायद्यात नाही, तरी दर सिनेमाला कुणीतरी तो मला सांगतोच.

तुकोबांचा अभंग मुक्त आहे. त्याला विसाव्या शतकात कुणी लावलेली चाल मुक्त असेलच असं नाही, आणि रेडिओवरून ऐकून आपण सगळे जो अभंग म्हणतो तो बहुतेक वेळा त्या चालीतला असतो. नवी चाल बांधून घेणं स्वस्त पडतं. ओव्या, भारुड, गोंधळ गावात जाऊन रेकॉर्ड केलं असेल तर रचना पारंपरिक असली तरी गाणाऱ्याची लेखी संमती आणि मानधनाची पावती हवी. आणि गाणाऱ्यानं त्यात स्वतःचं कडवं घातलंय का, तेही विचारा. बऱ्याचदा घातलेलं असतं.

एक अनुभव सांगतो. एका सिनेमात चाळीतला प्रसंग होता, खरीच चाळ, आणि शेजारच्या खोलीत रेडिओ चालू होता. बारीक आवाजात एक प्रसिद्ध गाणं, सगळं संवादांत मिसळलेलं. दिग्दर्शकाला ते फार आवडलं. म्यूझिक कंपनीनं सांगितलेली रक्कम संपूर्ण पार्श्वसंगीताच्या खर्चाहून जास्त निघाली. शेवटी सगळा प्रसंग डब केला आणि त्यातली मुख्य नटी तोपर्यंत दुसऱ्या कामासाठी परगावी गेली होती. शूटिंगच्या दिवशी शेजारच्या काकूंना "जरा रेडिओ बंद करता का?" एवढंच विचारायचं होतं.

पैसे वाचवायला काहीजण फक्त महोत्सवांपुरता परवाना घेतात. घ्यायला हरकत नाही, पण त्याच वेळी पुढच्या, म्हणजे सर्व माध्यमं, जगभर, कायमस्वरूपी, या परवान्याची किंमतही लेखी ठरवून ठेवा. ओटीटीचा करार हातात आल्यावर विचारलंत तर भाव तिप्पट लागतो.

पाचवं काम: नाव

आपल्याकडे निर्मात्यांच्या संघटनांकडे किंवा अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाकडे नाव नोंदवतात. ही धंद्यातली शिस्त आहे, कायद्यानं मिळालेली मालकी नव्हे. नुसत्या नावावर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली 'देसी बॉईज' प्रकरणात सांगितलं. तरी ट्रेडमार्क आणि लोकांची दिशाभूल या वाटेनं दावा लागू शकतो. म्हणून विमा कंपनी टायटल रिपोर्ट, म्हणजे हे नाव आधी कुणी वापरलंय का याच्या शोधाचा अहवाल मागते, आणि त्यावर वकिलाचं मत. हा शोध अमेरिकेत पैसे देऊन करून घेतात. मराठी नाव रोमन लिपीत आणि परदेशासाठी ठेवलेलं इंग्रजी नाव, दोन्हींचा घ्या. रिपोर्ट जुना चालत नाही, त्यामुळे नाव पक्कं झाल्यावरच मागवा. रिपोर्ट नसेल तर पॉलिसी मिळते, पण नावाबद्दलचे दावे त्यातून वगळलेले असतात, आणि वितरकाला ते चालत नाही.

अर्ज

फाइल अशी लागली की अर्ज एका बैठकीत भरून होतो. फॉर्ममध्ये तुमच्या क्लिअरन्स वकिलाचं नाव असतं, आणि सोबत जोडलेली क्लिअरन्सची कार्यपद्धती त्यानं पाळून घेतली असं धरलेलं असतं. म्हणून वकील मनोरंजन क्षेत्रातलाच हवा. जमिनीचे दावे चालवणारे काका कितीही हुशार असले तरी नकोत. हल्ली अनेक अर्जांत एआय वापरलं का, कुठे वापरलं, हेही विचारतात. पोस्टरवरचं आकाश तसं केलं असेल तर तेही लिहा.

दोन प्रश्नांना लोक अडखळतात. या सिनेमावर कुणी दावा केलाय किंवा करण्याची शक्यता तुम्हाला माहीत आहे का? आणि अशाच विषयाची कथा आधी कुणी तुम्हाला दिली होती का? खरं उत्तर द्या. माहीत असलेला वाद लपवला तर नेमक्या त्या वादावर पॉलिसी उपयोगी पडणार नाही, आणि सगळी पॉलिसीच रद्द व्हायचीही भीती. लपवण्यापेक्षा वाद आधी मिटवून दावा सोडल्याचं लिहून घेतलेलं बरं.

अर्ज कधी करायचा? अमेरिकेत पद्धत शूटिंगआधीची आहे. आपल्याकडचे छोटे निर्माते विक्री ठरेपर्यंत थांबतात, कारण पैसे तेव्हाच येतात. मला त्यात गैर वाटत नाही, फक्त महोत्सवांत सिनेमा गाजायला लागला की दावेदारही जागे होतात हे लक्षात ठेवा. पॉलिसीआधी आलेली नोटीस पॉलिसीत बसत नाही. डिलिव्हरीच्या तारखेआधी दीड-दोन महिने हाताशी ठेवा.

दर मागवताना

थेट विमा कंपनीकडे जाऊ नका, मीडिया लायबिलिटीचं, म्हणजे अशाच दाव्यांच्या विम्याचं काम केलेला ब्रोकर गाठा. भारतातल्या काही सामान्य विमा कंपन्याही हे संरक्षण देतात, आणि भारतीय कंपनीनं परदेशी पॉलिसी थेट घेण्यावर नियमांची बंधनं आहेत, तेव्हा आधी इथल्या ब्रोकरला विचारा. अमेरिकी बाजारात साध्या काल्पनिक सिनेमाचा तीन वर्षांचा हप्ता काही हजार डॉलरांत जातो. सत्यकथा, राजकारण किंवा परवानगीशिवाय वापरलेल्या क्लिप असतील तर वाढतो. सुरुवातीची ठरावीक रक्कम, म्हणजे डिडक्टिबल, तुम्हालाच भरावी लागते. ती बहुधा १० ते २५ हजार डॉलर असते. ती वितरकाच्या अटीत बसते का बघा.

स्वस्त दर दिसला की पहिल्यांदा प्रदेश आणि न्यायक्षेत्राचं कलम उघडा. 'जगभर, अमेरिका व कॅनडा वगळून' असं असेल तर ज्या कारणासाठी पॉलिसी घेताय तेच कारण वगळलेलं आहे. मग बघा की पॉलिसी 'क्लेम्स मेड' आहे का, म्हणजे मुदतीत आलेल्या दाव्यांनाच लागू आहे का, आणि असेल तर मागच्या कुठल्या तारखेपासूनचं काम त्यात धरलं आहे. वकिलाचा खर्च त्या १० लाखांतूनच वजा होतो की वेगळा, हेही विचारा, कारण अमेरिकेत मोठा हिस्सा वकीलच खातात. पैशांचे आणि श्रेयनामावलीचे करारातले वाद यात नसतात. आणि वितरणाचा करार सात वर्षांचा, पॉलिसी तीन वर्षांची, तर पुढचं नूतनीकरण कुणाच्या खिशातून, हे वितरण करारातच लिहून घ्या.

प्रमाणपत्र आल्यावर अतिरिक्त विमाधारकाचं नाव वितरण करारातल्या नावाशी अक्षरन् अक्षर ताडून बघा. कंपनीच्या नावापुढचं 'एलएलसी' राहिलं म्हणून डिलिव्हरी परत आलेली मी पाहिली आहे.

नोटीस आली तर

स्वतः उत्तर देऊ नका, "चूक झाली, बसून मिटवू" असा व्हॉट्सअॅपही नाही. कबुली दिली किंवा कंपनीला न विचारता तडजोड केली तर विमा कंपनी हात वर करू शकते. त्याच दिवशी ब्रोकरला लेखी कळवा, पाकिटाच्या फोटोसकट. वकिलाची नोटीस नसेल, नुसता रागावलेला ईमेल असेल, तरीही कळवा. मग कपाटातून फाइल काढा आणि त्या माणसाच्या नावाचा कागद शोधा.